वाढपी मालक झाले तेव्हा

१/ इंडिया कॉफी हाऊसचा प्रारंभ १९३६ साली मुंबईत चर्चगेटला झाला. ही साखळी पुढे देशभर पसरली. परंतु १९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करण्याचा निर्णय घेतला.

२/ कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सहकाराचा मार्ग दाखविला. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली. ऑक्टोबरात दिल्लीत ‘इंडियन कॉफी हाऊस’ उघडले.

३/ ग्राहकही स्वस्थ बसले नाहीत. १९५८ साली कलकत्त्यातील कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाऊस बंद होताच प्राध्यापकांनी सरकारकडे विनंतीअर्ज धाडला. त्याच वर्षी ते पुन्हा सुरू झाले.

४/ कामगारांना रोजगार हवा होता, ग्राहकांना गप्पांची बैठक. फेटा बांधून कॉफी आणणारा वाढपी आता संस्थेचा सभासद होता.