मालकाच्या हातची मोटार

१८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्यास लोखंडाची टेकडी आणि वरोऱ्यास दगडी कोळशाची खाण! पोलादाच्या कारखान्याचे जे वेड टाटांनी जन्मभर बाळगले, ते प्रथम लागले ते ह्या आमच्या रानाच्या निमित्ताने. पुढे वरोऱ्याचा कोळसा तपासून पाहता तो त्या कामास निरुपयोगी ठरला, बेत फिसकटला, आणि टाटांच्या मृत्यूनंतर कारखाना उभा राहिला तो दूर साकचीस. १९१२ साली तेथे पोलाद निघू लागले.

ही हकीकत आमच्याकडे पुष्कळ जण हळहळून सांगतात. मला मात्र ती एका क्षुद्र निमित्ताने आठवते. ज्या जिल्ह्याच्या पोटात लोखंड आणि कोळसा दोन्ही भरून राहिले, त्या जिल्ह्यात माझ्या लहानपणी मोटारीचा एखादा बोल्ट तुटला, तर तो आणण्यास दीडशे किलोमीटरांवरील नागपूर गाठावे लागे. मोटार ज्याच्या दारी, त्याला ती दुरुस्तही करता आली पाहिजे, हा आमच्याकडील अलिखित नियम ह्या दीडशे किलोमीटरांतून निघाला. हौस मागाहून आली.

त्या काळच्या चांदा जिल्ह्याचा विस्तार आज दोन जिल्ह्यांत वाटलेला आहे. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी अशा नद्यांनी आणि त्यांस मिळणाऱ्या असंख्य नाल्यांनी हा मुलूख तोडलेला. आज गडचिरोली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात आगगाडी दीर्घकाळ केवळ वडशापर्यंतच पोचली होती. सिरोंच्याहून चांद्यास यावयाचे तर सुमारे दोनशे किलोमीटरांचे रान तुडवावे लागे. १९७३ साली भामरागडाजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला, तेव्हाही पावसाळ्यात तिकडची वाट बंद होत असे. अशा ठिकाणी मोटार बंद पडली म्हणजे मालकापुढे दोनच मार्ग: बैल जुंपणे किंवा बॉनेट उघडणे.

वास्तविक मोटार हे यंत्र मालकानेच हाताळावे, अशा हेतूने बनविले गेल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. हेन्री फोर्डची टी मॉडेल ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली. तिची संख्या दीड कोटीवर गेली. तिचा ग्राहक म्हणजे अमेरिकेतील शेतकरी. त्याच्या कोठारात हातोडा, कानस, पक्कड ही आयुधे आधीच होती. त्याने गाडीचे मागचे चाक उचलून धरले, त्यावर पट्टा चढविला आणि लाकूड कापण्याचे करवत फिरविले. तिच्या पेट्रोलची टाकी आसनाखाली असे व पेट्रोल केवळ उताराने एंजिनाकडे जाई. म्हणून टाकीत पेट्रोल कमी असता मोठा चढ आला की शेतकरी गाडी फिरवून उलटी चढवी. यंत्राचा स्वभाव ओळखून त्याच्याशी असा घरोबा करणे, हे त्या समाजास सहज साधले.

आमच्याकडे मोटार आली ती निराळ्याच घरी. फोर्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्या जोडण्यास प्रारंभ केला. परंतु त्या गाड्या मध्यप्रांतात पोचल्या त्या मालगुजार, नामांकित वकील, जंगलाचे ठेकेदार आणि साहेब लोक ह्यांच्या दारी. ह्या मंडळींच्या कोठारात आयुधे नव्हती असे नव्हे; पण ती धरणारे हात दुसऱ्यांचे होते. हॅंडल फिरविणारा ड्रायव्हर, त्याच्या हाताखालचा क्लीनर, चाकाची लोखंडी कड ठोकून देणारा गावचा लोहार, ही त्या मोटारीची खरी बिऱ्हाडकरू मंडळी. मालक मागे बसे. हॅंडल उलटे फिरले म्हणजे मनगट मोडते, म्हणून आंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा, ही विद्या मालकास ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

ही व्यवस्था मोडली ती दोन झटक्यांत. पहिला झटका दुसऱ्या महायुद्धाचा. पेट्रोलवर नियंत्रण आले आणि हिंदुस्थानभर मोटारींच्या पाठीस कोळशाच्या भट्ट्या लागल्या. लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळावयाचा, त्यातून निघणारा विषारी परंतु ज्वलनशील वायू गाळून एंजिनात सोडावयाचा, अशी ती युक्ती. सकाळी निघण्यापूर्वी बराच वेळ भट्टी फुंकीत बसावे लागे, चढावर गाडी धापा टाकी, आणि उतारूंच्या धोतरांची अवस्था काय होई ते सांगावयास नको! तथापि कारखान्यातून आलेले यंत्र जसेच्या तसे वापरण्याची सक्ती नाही, ते बदलता येते, हा धडा त्या काळ्या धुराने दिला. दुसरा झटका युद्धानंतरचा. सैन्याच्या उरलेल्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जीप जोडण्यास आरंभ केला. इकडे १९५१ साली मालगुजारी संपली. मागे बसणारा मालक हळूहळू नाहीसा झाला आणि पुढे, स्वतः चाकाशी बसणारा डॉक्टर, ठेकेदार व पुढे पुढे मास्तर हा मोटारीचा मालक झाला.

ह्या नव्या मालकाचे हात मात्र लेखणीचे होते. आपल्या पांढरपेशा समाजाने यंत्राकडे पाहावयास शिकावे ह्यासाठी झालेल्या खटपटीत एका मासिकाचा मोठा वाटा आहे, हे वाचकांस स्मरत असेलच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, नांगर केले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. आणि त्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. नांगराच्या कारखान्याच्या पोटी वाङ्मयीन मासिक जन्मास यावे, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी ह्यांनी तर जेमतेम शालेय शिक्षणाच्या बळावर 'मीरा' नावाची छोटी मोटारच घडविली. ती मोठ्या प्रमाणावर कधी निघाली नाही. परंतु हे अपवाद होत. सामान्य पदवीधर काळ्या तेलाचा डाग कपड्यास लागला की अजूनही ओशाळतो. हाताने काम करणाऱ्यास 'मिस्त्री' म्हणून हाक मारतो आणि त्याचे नाव विचारीत नाही. ह्या गोष्टीकडे मी पुढे येणारच आहे.

स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षे म्हणजे ह्या विद्येचा भरभराटीचा काळ, आणि तिचे कारण टंचाई. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. बंगालमधील उत्तरपाड्याहून त्याच दशकाच्या अखेरीस ॲम्बॅसडर आली. परदेशी गाड्यांस दार बंद. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अर्थात् जुनी गाडी कोणी टाकून देत नसे. ती डॉक्टराकडून वकिलाकडे, वकिलाकडून मास्तराकडे अशी उतरत येई, आणि प्रत्येक पायरीवर तिचे वय वाढे व मालकाचा पगार घटे. अखेरच्या मालकास स्वहस्ते दुरुस्ती शिकणे भागच होते.

आमच्या घरी गाडी आली ती अशीच, १९७८ साली, तिसऱ्या मालकाकडून. वडील शाळेत शास्त्र शिकवीत. त्यांनी एक जाड वही केली आणि गाडीची प्रत्येक दुरुस्ती तीत तारीख घालून लिहून ठेविली. वडील गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. इतिहासाचा अध्यापक म्हणून मी आजवर जी कागदपत्रे वाचली, त्यांत इतके तेलकट दुसरे नाही.

वहीत दुःखे पुष्कळ आहेत. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ अंशांवर जातो. मूलच्या रस्त्यावर भर दुपारी गाडी बंद पडली. वडिलांनी प्लग काढून पाहिले, तारा ओढून पाहिल्या, बॅटरी तपासली. तासभर आम्ही मोहाच्या सावलीत. एका ट्रकवाल्याने थांबून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळले, आणि थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते आणि पंपास ती ओढता येत नाही, एवढीच ती गोष्ट. उत्कलनबिंदू हा विषय वडील वीस वर्षे शिकवीत होते! त्या दिवसाच्या नोंदीखाली त्यांनी एकच शब्द लिहिला आहे: 'लाज.'

आनंदही आहेत. रेडिएटर गळू लागला तेव्हा पाण्यात हळद टाकून घर गाठले. पेट्रोलच्या टाकीस चीर गेली ती अंगाच्या साबणाची वडी दाबून बुजविली. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे ज्ञान पुस्तकातले की ट्रकवाल्याचे, ह्याचा वहीत खुलासा नाही. नाल्यात गाडी घालण्यापूर्वी पंख्याचा पट्टा काढून ठेवावा, म्हणजे पंखा डिस्ट्रिब्यूटरवर पाणी उडवीत नाही, ही युक्ती लाल शाईने अधोरेखित आहे. सुधारणांचीही हौस होती. रानातील फांद्यांपासून बचाव म्हणून पुढच्या दिव्यांना जाळी बसली, मागच्या कमानीत एक पाते अधिक पडले. त्या पात्यामुळे गाडी इतकी ताठ झाली की आई पुढे कित्येक महिने तीत बसण्यास राजी नव्हती. ते पाते निघाल्याची नोंद मात्र वहीत नाही; ते निघाले होते, हे मला पक्के आठवते.

येथेच मला ह्या दस्तऐवजाविषयी संशय येऊ लागला. वही पुन्हा लक्षपूर्वक वाचली तेव्हा क्रियापदांतील एक भेद ध्यानात आला. 'कार्बोरेटर स्वच्छ केला', 'टॅपेट लाविले', 'पॉइंट घासून बसविले' ही वाक्ये डाव्या पानावर आहेत. उजव्या पानावर खर्च: 'ग्रीस, ३ रु.', 'लेथचे काम, बल्लारपूर, १२ रु.', 'मिस्त्री, ५ रु.' हा 'मिस्त्री' वर्षभरात कितीतरी वेळा येतो आणि एकदाही डाव्या पानावर येत नाही. त्याने काय केले हे कोठेच लिहिलेले नाही. केवळ त्याला काय दिले एवढेच आहे. स्वहस्ते केलेल्या दुरुस्तीचा आमचा सारा अभिमान ह्या डाव्या पानावर उभा आहे. मालकांच्या आठवणी छापल्या जातात, गप्पांत रंगतात. पण कागदाच्या कारखान्यात, कोळशाच्या खाणीत, एस. टी. च्या आगारात यंत्र शिकून घरी येऊन झाडाखाली दुकान मांडणारा जो कारागीर, त्याच्यावाचून ह्या रानात एकही खासगी मोटार दहा वर्षे टिकली नसती. माझ्या मते ह्या जिल्ह्यांतील मोटारीचा इतिहास लिहावयाचा तर तो उजव्या पानावरून लिहावयास हवा.

ती विद्या आता ओसरली आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळू लागले. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन त्या जागी संगणकाच्या हुकुमाने पेट्रोल सोडणारी व्यवस्था आली, आणि २०२० पासून तर ती फारच गुंतागुंतीची झाली. पॉइंट नाहीत, तेव्हा ते घासण्याचा प्रश्नच उरला नाही. ह्याबद्दल गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. रात्रीच्या वेळी आजारी माणसास आलापल्लीहून चंद्रपुरास आणावयाचे असता बंद न पडणारी गाडी मला शंभर युक्त्यांहून अधिक प्रिय आहे.

वडिलांचे ते मिस्त्री अद्याप आहेत. वय ऐंशीच्या पुढे. दुकान नातू चालवितो. तो डॅशबोर्डाखाली एक लहानसे यंत्र जोडतो आणि दोषाचा आकडा वाचून दाखवितो. मागील दिवाळीत मी ती वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. वडिलांची सर्वांत अभिमानाची नोंद मी त्यांना वाचून दाखविली: १९८१ सालच्या जानेवारीत त्यांनी प्रथमच पॉइंट स्वतः बसविले, फट मोजण्यास साधन नव्हते म्हणून पोस्टकार्ड दुमडून मोजली, आणि गाडी 'उत्तम चालू लागली'.

म्हातारे हसले. "उत्तम कुठची, सर? गुरुजींनी लय घासून टाकले होते ते. दुसऱ्या दिवशी हवा भरायला आले, तेव्हा म्या त्यांना चहा आणायला धाडलं अन् तेवढ्यात नवीन टाकून देल्ले."

मी वहीतील पुढचे उजवे पान उघडले. तेथे लिहिले होते: 'हवा, ५० पैसे.'