मॉरिशसमधील गिरमिट पद्धती

मॉरिशसमधील गिरमिट पद्धती ही हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर १८३४ ते १९१० या काळात प्रचलित असलेली करारबद्ध मजुरीची पद्धती होय. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपुष्टात आल्यावर उसाच्या मळ्यांना मनुष्यबळ पुरवण्यासाठी ती सुरू झाली. तिच्याद्वारे सुमारे साडेचार लाख मजूर, बहुतांशी भारतातून, या बेटावर आणले गेले. लोकसंख्येचे स्थलांतर, अर्थव्यवस्था आणि शासनसंस्था या तिन्ही गोष्टी एकमेकींना कशा घडवतात, हे समजून घेण्यासाठी या पद्धतीचा इतिहास उपयुक्त ठरतो.

शब्दाची व्युत्पत्ती

‘गिरमिट’ हा शब्द करारनामा या अर्थाच्या ‘ॲग्रिमेंट’ या इंग्रजी शब्दाचा मजुरांच्या बोलीतील अपभ्रंश आहे. करारावर आलेल्या मजुरास ‘गिरमिटिया’ म्हणत. भोक पाडण्याच्या सुतारी अवजाराला मराठीत गिरमिट म्हणतात. त्याच्याशी या शब्दाचा संबंध नाही.

पार्श्वभूमी

मॉरिशसवर मूळची मानवी वस्ती नव्हती. तेथे आलेला प्रत्येक समाज बाहेरूनच आला. सतराव्या शतकात डचांनी वसाहतीचे प्रयत्न केले व १७१० मध्ये बेट सोडले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला आणि आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर तेथील व्यवस्था उभी राहिली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले; मळ्यांची मालकी मात्र मुख्यतः फ्रेंच वंशाच्या जमीनदारांकडेच राहिली. १८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी केली. त्यामुळे ऊस हे बेटाचे प्रमुख पीक बनले आणि मजुरांची मागणी वाढली.

१८३५ मध्ये मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. गुलामांच्या मालकांना ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली. मुक्त झालेल्या गुलामांना ती मिळाली नाही. त्यांतील बहुतेकांनी पुढे मळ्यांवरील काम सोडले. मालकांना मजूर हवे होते, पण वेतन वाढवण्याची त्यांची तयारी नव्हती. या पेचावरील उत्तर म्हणून भारतातून करारावर माणसे आणण्यात आली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ हे जहाज ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुई येथे पोहोचले. ब्रिटिश सरकारने या योजनेकडे एक प्रयोग म्हणून पाहिले. पुढे ब्रिटिश गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी इत्यादी वसाहतींतही ती लागू झाली.

स्थलांतराची कारणे व मार्ग

स्थलांतरामागे माणसाला गाव सोडायला लावणारी आणि दूरच्या ठिकाणी ओढणारी अशी दोन प्रकारची कारणे असतात. भारतात दुष्काळ, कर्जबाजारीपणा, जमिनीवरील वाढता सारा आणि हस्तव्यवसायांचा ऱ्हास ही पहिल्या प्रकारची कारणे होती. ठरलेले वेतन, शिधा व निवारा यांचे आश्वासन हे दुसऱ्या प्रकारचे कारण होय. मात्र अनेकांना आपण किती दूर आणि कोणत्या कामासाठी जात आहोत याची पुरती कल्पना नसे. भरती करणाऱ्या दलालांकडून फसवणूक होत असल्याच्या तक्रारींमुळे भारतातील सरकारने हे स्थलांतर काही काळ थांबवले आणि १८४२ मध्ये नव्या नियमांसह पुन्हा सुरू केले.

मजूर कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून जात. सर्वाधिक लोक आजच्या बिहार व पूर्व उत्तर प्रदेशाच्या परिसरातील भोजपुरी भाषक होते. त्यांखालोखाल तमिळ व तेलुगू भाषक होते. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा आदी भागांतील मराठी भाषकांचा समावेश होता. त्यांची संख्या तुलनेने अल्प होती.

कराराचे स्वरूप

गुलाम हा मालकाची मालमत्ता मानला जाई. गिरमिटिया कायद्याने स्वतंत्र होता. त्याला वेतन मिळे आणि कराराची मुदत ठरलेली असे. पहिल्या तुकडीचा करार पाच वर्षांचा होता व पुरुष मजुराचे वेतन दरमहा पाच रुपये होते. परंतु मुदत संपेपर्यंत त्याला मालक बदलता येत नसे. करारभंग हा दिवाणी तंटा न मानता फौजदारी गुन्हा मानला जाई व त्यासाठी तुरुंगवास होई. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची तरतूद होती. ही ‘दुहेरी कपात’ मजुरांच्या तक्रारींचे एक मोठे कारण होती.

मुदत संपलेले मजूरही पूर्णपणे मोकळे नव्हते. १८६७ च्या कायद्याने त्यांना छायाचित्र असलेला परवाना सतत जवळ बाळगणे भाग पडले. तो नसल्यास भटकेगिरीच्या आरोपाखाली अटक होई. अटक टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे पुन्हा करारावर सही करणे. अशा रीतीने शासनाच्या कायद्यांनी मळ्यांना स्वस्त मजूर मिळत राहतील याची सोय केली.

प्रतिकार व सुधारणा

१८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय मळेवाल्याच्या साहाय्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्याचा परिणाम म्हणून ब्रिटिश सरकारने शाही आयोग नेमला. आयोगाने मजुरांच्या अनेक तक्रारी खऱ्या असल्याचे मान्य केले आणि १८७८ मध्ये कामगार कायद्यात सुधारणा झाली. साखरेचे भाव घसरल्यावर मळेमालकांनी जमिनीचे तुकडे विकण्यास आरंभ केला. शिल्लक टाकलेल्या पैशांतून काही जुन्या मजुरांनी ते विकत घेतले. त्यातून लहान शेतकऱ्यांचा नवा वर्ग निर्माण झाला.

१९०१ मध्ये मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना मॉरिशसला थांबले होते. त्यांच्या प्रेरणेने १९०७ मध्ये वकील मणिलाल डॉक्टर तेथे आले आणि त्यांनी मजुरांचे खटले चालवले. १९१० मध्ये करारावर मजूर आणणे थांबले.

शासनव्यवस्थेतील बदल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय वंशाचे लोक बेटावर बहुसंख्य झाले होते. तरीही सत्तेत त्यांना वाटा नव्हता. १८८५ च्या राज्यघटनेने मतदानासाठी मालमत्ता वा उत्पन्नाची अट घातल्याने बहुसंख्य जनता मताधिकाराबाहेर राहिली. १९२६ मध्ये भारतीय वंशाचे दोन प्रतिनिधी प्रथमच विधिमंडळावर निवडून आले. १९३६ मध्ये मजूर पक्षाची स्थापना झाली आणि १९३७ मध्ये मळ्यांवर मोठा उद्रेक झाला. १९४८ च्या निवडणुकीत बेटावरील एखादी भाषा साधेपणाने लिहिता-वाचता येणाऱ्यांना मत मिळाले. प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक १९५९ मध्ये झाली.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे एका स्थलांतरित मजुराचे पुत्र होते. आरंभी ब्रिटनची राणी राष्ट्रप्रमुख होती. १२ मार्च १९९२ रोजी देश प्रजासत्ताक झाला. तेथे संसदीय लोकशाही असून कार्यकारी सत्ता पंतप्रधान व मंत्रिमंडळाकडे आहे. अल्पसंख्य समाजांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून ६२ निर्वाचित सदस्यांखेरीज कमाल आठ जागा पराभूत उमेदवारांतून भरण्याची तरतूद घटनेत करण्यात आली. १९७० मध्ये निर्यात उद्योगांसाठी सवलती देणारा कायदा झाला. त्यानंतर वस्त्रोद्योग व पर्यटन वाढले आणि अर्थव्यवस्थेचे एका पिकावरील अवलंबित्व कमी झाले.

वारसा

मजूर जेथे उतरत, तो पोर्ट लुई येथील ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये जागतिक वारसा स्थळ घोषित झाला. मॉरिशसमधील मराठी समाजाने गणेशोत्सव जपला असून गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. शाळांतून मराठी भाषाही शिकवली जाते. गुलामगिरीचे उच्चाटन १ फेब्रुवारीस आणि करारबद्ध मजुरांचे आगमन २ नोव्हेंबरला स्मरले जाते. हे दोन्ही दिवस राष्ट्रीय सुटीचे आहेत.