प्रकाशाचा वेग, सापेक्षतावाद आणि करवीरचे नारळीकर

करवीरनिवासिनी अंबाबाईच्या देवळांत वर्षांतून दोन वेळां किरणोत्सव होतो. जानेवारीच्या अखेरीस एकदां आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्यांदा, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून थेट गाभाऱ्यांत शिरतात. पहिल्या दिवशीं ते देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशीं मूर्तीच्या मध्यभागापर्यंत आणि तिसऱ्या दिवशीं मुखापर्यंत पोंचतात. या सोहळ्याच्या गर्दींत एखादा शिकलेला गृहस्थ शेजाऱ्यास हमखास सांगतो कीं, हा किरण सूर्यापासून निघाला त्याला आठ मिनिटें झालीं; म्हणजे खरा सूर्य आठ मिनिटांपूर्वींच मावळला, आपण पाहतों तो नुसता भास! ऐकणारा थक्क होतो. परंतु या विधानाचा पूर्वार्ध खरा असून उत्तरार्ध साफ चुकीचा आहे, आणि ही चूक भल्याभल्यांच्या पुस्तकांतून आढळते.

सूर्य आपल्यापासून सरासरी १४ कोटि ९६ लक्ष किलोमीटर दूर आहे. प्रकाश सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर जातो, म्हणून त्यास ८ मिनिटें १९ सेकंद लागतात, हें निर्विवाद आहे. पण सूर्य मावळतो तो आपली जागा सोडून जातो म्हणून नव्हे. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते म्हणून तो मावळतो. किरण वाटेंत असतां पृथ्वी दोन अंश वळली, तरी सूर्य होता तेथेंच आहे. जत्रेंतल्या गोल फिरणाऱ्या चक्रांत बसलेल्या मुलास दूरचा दिवा दिसतो, तेव्हां दिव्याचा प्रकाश कितीहि आधीं निघालेला असो, ज्या दिशेनें तो डोळ्यांत शिरतो त्याच दिशेस दिवा असतो. सूर्याच्या बाबतींत फरक पडतो तो अंशाच्या सुमारें १८० व्या भागाएवढा; साध्या डोळ्यांस त्याचा पत्ताहि लागत नाहीं. क्षितिजाला टेकलेला सूर्य वास्तविक क्षितिजाखालीं गेलेला असतो हें खरें. मात्र त्याचें कारण हवेंतील वक्रीभवन होय. हवेमुळें किरण वांकतो, सूर्य अर्धा अंश उचलल्यासारखा दिसतो, आणि कोल्हापुरांत सूर्यास्त दोनएक मिनिटें लांबतो. आठ मिनिटांचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं.

प्रकाशास वेग आहे हेंच मुळीं कित्येक शतकें पंडितांना मान्य नव्हतें. नोव्हेंबरचा किरणोत्सव बहुधा ज्या ९ तारखेस सुरू होतो, तीच ९ नोव्हेंबर ही तारीख या इतिहासांत महत्त्वाची आहे. साल १६७६, इकडे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला दोन वर्षें झालीं होतीं. पॅरिस येथील वेधशाळेंत ओल रोमर नांवाचा तरुण डॅनिश ज्योतिषी गुरूच्या आयो या चंद्राचीं ग्रहणें मोजीत होता. आयोस गुरूभोंवतीं एक फेरी करण्यास सुमारें साडेबेचाळीस तास लागतात, तेव्हां त्याचीं ग्रहणें घड्याळाप्रमाणें ठराविक वेळीं व्हावयास हवींत. परंतु पृथ्वी गुरूपासून दूर जाऊं लागली कीं तीं उशिरा होत. रोमरनें आगाऊ सांगितलें कीं, ९ नोव्हेंबरला आयो छायेंतून दहा मिनिटें उशिरा बाहेर येईल. आणि तसेंच झालें. त्याचा वरिष्ठ कासिनी याला मात्र तें अखेरपर्यंत पटलें नाहीं.

येथेंहि एक गैरसमज रुजला आहे. रोमरनें प्रकाशाचा वेग मोजला असें शाळेंत शिकवितात. त्यानें प्रत्यक्ष आंकडा दिलाच नाहीं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटें लागतात एवढेंच त्यानें काढलें (खरा काल १६ मिनिटें ४० सेकंदांच्या आसपास आहे). त्यावरून वेगाचा हिशेब केला तो हॉयगेन्सनें. पुढें १७२८ सालीं इंग्लंडांत ब्रॅडली यास निराळाच पुरावा सांपडला. मृगाच्या सरळ पडणाऱ्या पावसांत झपझप चालणारा मनुष्य जशी छत्री पुढें कलती धरतो, तशी धांवत्या पृथ्वीवरची दुर्बीण ताऱ्याकडे थोडी कलती धरावी लागते. त्या कलावरून सूर्यकिरणास ८ मिनिटें १२ सेकंद लागतात असें त्याचें उत्तर आलें. १८४९ सालीं फिझो यानें ७२० दांत्यांचें चाक गरगर फिरवून, साडेआठ किलोमीटरांवरील आरशावरून परतणारा प्रकाश दांत्यांच्या फटींत पकडला आणि आकाशाकडे न पाहतां जमिनीवरच वेग मोजला.

आपल्याकडे या ठिकाणीं एक आक्षेप येतोच. चौदाव्या शतकांतील सायणाचार्यांच्या ऋग्वेदभाष्यांत सूर्याच्या संदर्भांत असें म्हटलें आहे कीं, तो अर्ध्या निमिषांत २,२०२ योजनें आक्रमितो. योजन नऊ मैलांचें व निमिष सेकंदाच्या ७५ भागांपैकीं १६ भागांचें धरलें, तर हिशेब सेकंदास १,८६,००० मैलांवर जाऊन अगदीं तंतोतंत बसतो. मग रोमरची काय मातब्बरी? असा प्रश्न अभिमानानें विचारला जातो. पण योजन नऊच मैलांचें कां धरावें? आर्यभटानें पृथ्वीचा व्यास १,०५० योजनें दिला आहे. त्यावरून योजन सुमारें १२ किलोमीटरांचें होतें, व वेग येतो सेकंदास अडीच लक्ष किलोमीटर. सूर्यसिद्धान्तांत तोच व्यास १,६०० योजनें आहे. तें योजन धरलें तर वेग एक लक्ष पासष्ट हजारांवर उतरतो. निमिषाचें मानहि ग्रंथागणिक निराळें आहे. म्हणजे उत्तर आधीं ठाऊक असल्यामुळें मापें त्याप्रमाणें निवडलीं गेलीं. शिवाय भाष्यांत तो आंकडा कोणत्या वेधानें मिळाला याचा उल्लेख नाहीं, आणि वेधावांचून आंकडा हें ज्योतिषशास्त्रांत प्रमाण होत नाहीं. ज्या आर्यभटानें पृथ्वी फिरते असें पांचव्या शतकाच्या अखेरीस निःशंकपणें लिहिलें, त्याच्या देशाला अशा उसन्या मोठेपणाची गरज नाहीं.

प्रकाश ही लाट आहे असें ठरल्यावर ती कशांतून जाते हा प्रश्न आला, आणि विश्व भरून राहिलेल्या ईथर नांवाच्या द्रव्याची कल्पना निघाली. पृथ्वी या ईथरांतून धांवत असेल तर निरनिराळ्या दिशांनीं जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगांत फरक दिसावा. मायकेल्सन व मॉर्ले यांनीं १८८७ सालीं अमेरिकेंत अत्यंत सूक्ष्म प्रयोग केला. अपेक्षित फरक मिळाला नाहीं. १९०५ सालीं बर्न येथील पेटंट कचेरींत नोकरीस असलेल्या आइन्स्टाइननें ईथरचें ओझें बाजूला सारलें आणि फरक मिळणारच नाहीं हेंच गृहीत धरून पुढें विचार केला.

मिरजेहून कोल्हापूरकडे ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणाऱ्या गाडींत एखादा उतारू इंजिनाच्या दिशेनें ताशीं ५ किलोमीटर चालूं लागला, तर रुळाकडेच्या गँगमनला त्याचा वेग ६५ दिसतो. (तंतोतंत पाहतां ६५ हून नाममात्र कमी, पण तें असो.) आतां इंजिनाचा दिवा लागला. त्याच्या प्रकाशाचा वेग गाडींतल्या ड्रायव्हरनें मोजला व गँगमननेंहि मोजला, तर दोघांनाहि एकच आंकडा मिळतो. गाडीचा वेग त्यांत मिळवावा लागत नाहीं. हें मान्य केलें कीं दुसरें कांहींतरी सोडावें लागतें. आइन्स्टाइननें सोडली ती सर्वांचा काळ एकच असतो ही समजूत.

'सापेक्षतावाद' या नांवानें मराठींत दुहेरी घोंटाळा केला आहे. 'वाद' म्हटलें कीं मायावाद, अद्वैतवाद यांच्या पंक्तीचें एखादें मत वाटतें, किंवा भांडण तरी. आणि 'सापेक्ष' म्हटलें कीं ज्याचें त्याला खरें, असा अर्थ घरोघर काढला जातो. सासूला सून आळशी वाटते, सुनेला सासू खाष्ट वाटते, सगळें सापेक्ष आहे, आइन्स्टाइननेंच सांगितलें आहे! वास्तविक त्यानें सांगितलें तें याच्या उलट. काळ व अंतर पाहणाऱ्यागणिक बदलतील, परंतु प्रकाशाचा निर्वातांतील वेग व निसर्गाचे नियम कोणासाठींहि बदलत नाहींत. सर्व उपपत्ति या न बदलणाऱ्या गोष्टींवर उभी आहे. तो वेग आतां मोजलाहि जात नाहीं: १९८३ पासून तो सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवूनच टाकला असून मीटरचीच व्याख्या त्यावरून केली जाते.

काळ मंदावतो म्हणजे घड्याळ बिघडतें, असेंहि पुष्कळांस वाटतें. वातावरणाच्या वरच्या थरांत, सुमारें १५ किलोमीटर उंचीवर, म्युऑन नांवाचे कण निर्माण होतात. त्यांचें सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या सव्वादोन पटींहूनहि किंचित् कमी. तेवढ्यांत प्रकाशाच्या वेगानेंहि ६६० मीटरच जाववेल. तरीहि तळहाताएवढ्या जागेंतून दर सेकंदास सुमारें एक म्युऑन पार होतो. त्याच्यापाशीं बिघडण्यास घड्याळ नाहीं. आपल्या दृष्टीनें त्याचा काळच संथ चालतो. खिशांतल्या मोबाइलवर रस्ता दाखविणाऱ्या उपग्रहांचीं घड्याळें वेगामुळें दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागें व गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळें ४५ मायक्रोसेकंद पुढें, म्हणजे एकूण ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. तेवढ्या अवधींत प्रकाश ११ किलोमीटर जातो. हा हिशेब आधींच केलेला असतो, म्हणूनच भवानी मंडपाला निघालेला मनुष्य भवानी मंडपालाच पोंचतो.

प्रकाशाहून जलद कांहींच जात नाहीं, हें विधानहि 'निर्वातांतील प्रकाशाहून' असें वाचलें पाहिजे. पाण्यांत प्रकाशाचा वेग तीनचतुर्थांश होतो, आणि तेथें विद्युत्कण त्याला मागें टाकूं शकतो. मग निळसर प्रभा फांकते. तुर्भ्याच्या 'अप्सरा' या अणुभट्टीच्या पाण्यांत १९५६ पासून ती दिसूं लागली. आइन्स्टाइनला नोबेल पारितोषिक सापेक्षतेसाठीं मिळालें ही समजूतहि जातां जातां दूर केलेली बरी. तें प्रकाशविद्युत् परिणामाच्या नियमासाठीं होतें.

या शास्त्राशीं कोल्हापूरचा संबंध केवळ किरणोत्सवापुरता नाहीं. विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजीं याच गांवीं झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ सालीं पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. १९१९ च्या खग्रास ग्रहणांत सूर्याजवळून जाणारा प्रकाश वांकतो हें दाखविणारे एडिंग्टन तेव्हां तेथें होते. १९३२ सालीं पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून नारळीकर काशी हिंदु विश्वविद्यालयांत आले आणि १९६० पर्यंत तेथेंच राहिले. त्या काळीं हा विषय म्हणजे निव्वळ गणिताची करमणूक, पोटापाण्याला निरुपयोगी, असें युरोपांतहि मानीत. काशीस मात्र त्यांनीं त्याची शाळाच उभी केली. क. रा. करमरकरांबरोबर त्यांनीं केलेलें एक काम मुद्दाम सांगण्याजोगें आहे: गुरुत्वाकर्षणानें वक्र झालेल्या अवकाशांत, कोणीहि कोठूनहि मोजल्या तरी न बदलणाऱ्या अशा १४ राशि असतात, त्यांचा त्यांनीं छडा लावला. सगळें सापेक्ष आहे म्हणणारांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

१९४२ सालीं प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण पत्नी व तान्ह्या मुलीसह काशीस त्यांच्यापाशीं शिकावयास आले. सांठविलेल्या पैशावर जेमतेम दहा महिने निघाले. श्वार्झशिल्ड यानें १९१६ सालीं ताऱ्याभोंवतींच्या गुरुत्वाकर्षणाचें जें उत्तर काढलें होतें, त्यांत ताऱ्याबाहेर सर्व रितें धरलेलें होतें. पण तारा तर तळपत असतो. त्याच्याबाहेर प्रकाश भरलेला असतो, आणि त्या प्रकाशाबरोबर ताऱ्याचें वस्तुमानहि क्षणोक्षणीं बाहेर पडत असतें. अशा प्रकाशमान ताऱ्याचें उत्तर वैद्यांनीं १९४३ सालीं काढलें. महायुद्धाच्या धामधुमींत त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. वीस वर्षांनीं क्वेसारांचा शोध लागला आणि वैद्यांचें उत्तर जगभर वापरांत आलें. आज तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत यांचाहि जन्म कोल्हापूरचाच, १९ जुलै १९३८ चा. त्यांच्याविषयीं घरोघर एक समजूत आहे: नारळीकरांनीं आइन्स्टाइनला खोटें ठरविलें. जून १९६४ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटींत फ्रेड हॉइल व पंचविशींतले जयंतराव यांनीं गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ति मांडली, तेव्हां इकडे मोठाच गाजावाजा झाला. वस्तूचें जडत्व हें विश्वांतल्या इतर सर्व वस्तूंमुळें येतें, हा माख याचा विचार त्यांनीं गणितांत बसविला. परंतु विश्वांत वस्तु पुष्कळ असल्या म्हणजे या उपपत्तींतून आइन्स्टाइनचींच समीकरणें बाहेर पडतात. हा खंडनाचा प्रकार नव्हे, विस्ताराचा आहे. मुलाच्या कर्तृत्वाचें जें खरें मोल, तें या खोट्या कौतुकानें झांकलें गेलें.

पुढच्याच वर्षीं, १९६५ सालीं, पेन्झियस व विल्सन यांच्या हातीं सर्व दिशांनीं सारखी येणारी सूक्ष्मलहरींची मंद प्रभा लागली. विश्व एका महास्फोटांतून निघालें याचा तो पुरावा, असें बहुतेक शास्त्रज्ञांनीं मानलें, आणि विश्व सदैव एकसारखेंच आहे हा हॉइल यांचा पक्ष मागें पडला. जयंतरावांनीं आपला मतभेद लपविला नाहीं व बहुमताची अवहेलनाहि केली नाहीं. १९७२ सालीं ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले. १९८८ सालीं पुण्यांत आयुका ही संस्था त्यांनीं उभारली. आणि १९९३ सालीं हॉइल व बर्बिज यांच्यासह आपल्या पक्षाची सुधारलेली मांडणी पुन्हां तज्ज्ञांपुढें ठेवली. निरीक्षणांचा कौल तिच्या बाजूनें पडलेला नाहीं. २० मे २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.