राजाराम कॉलेजातले फारसीचे प्राध्यापक

कोल्हापुरात भवानी मंडपाशी उभे राहिले की समोर नगारखाना दिसतो. तिथून चालत निघावे तर लगेच खासबाग मैदान लागते. पेठेत शिरले की तालमी, तालमीत पैलवान, तालमीबाहेर हौद. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द फारसीतून, किंवा अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला. नगारा, खाना, खास, बाग, तालीम, पैलवान, हौद. तालीम म्हणजे मुळात शिक्षण. लाल मातीत लंगोट लावून उतरणाऱ्या पोराला हे कुणी सांगावे लागत नाही, त्याच्या दृष्टीने तो शब्द पंचगंगेच्या पाण्याइतकाच इथला आहे.

याच मंडपालगतच्या इमारतीत तेव्हा राजाराम कॉलेज भरत असे. १८८० साली सुरू झालेल्या या कॉलेजात १९२८ ते १९३९ अशी अकरा वर्षे फारसी शिकवायला जे प्राध्यापक होते, ते मराठीतले गाजलेले कवी होते. नाव माधव त्रिंबक पटवर्धन. वाचक त्यांना माधव जूलियन म्हणून ओळखत. हे टोपणनाव त्यांनी शेलीच्या एका काव्यातल्या पात्रावरून घेतले, असे सांगतात.

जन्म बडोद्याचा, २१ जानेवारी १८९४चा. एम. ए. झाल्यावर १९१८ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवू लागले. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ निघाले. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर, द. ल. गोखले आणि माधवराव. रविवारी चहाला जमायचे, एकमेकांच्या कविता ऐकायच्या, त्यावर बोलायचे. सात पुरुष आणि एक बाई, म्हणून लोक त्यांना सप्तर्षी आणि अरुंधती म्हणत. कविता मोठ्याने, चालीवर, सभेत म्हणण्याची गोडी महाराष्ट्राला लावण्यात या मंडळींचा वाटा फार मोठा. आचार्य अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ काढून त्यांची यथेच्छ टिंगल केली. विडंबन लोकांना कळावे इतकी मूळ कविता घराघरांत पोचली होती, हे मात्र त्या टिंगलीतूनच दिसते.

खाजगी आयुष्यावरून उठलेल्या वादळात माधवरावांनी १९२४ मध्ये फर्ग्युसन सोडले. मधली काही वर्षे अस्थिर गेली. मग कोल्हापूर आले.

त्या वेळचे राजाराम कॉलेज बघण्यासारखे होते. शाहू महाराजांनी ते १९१९ मध्ये आर्य समाजाच्या हाती दिले होते. प्राचार्य होते डॉ. बाळकृष्ण, अर्थशास्त्राचे आणि इतिहासाचे अभ्यासक, दूर पंजाबातून इथे आलेले. डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे जुने कागद धुंडाळून त्यांनी शिवाजी महाराजांचे अनेक खंडांचे चरित्र इंग्रजीत लिहिले, ते याच काळात. तत्त्वज्ञान शिकवायला ना. सी. फडके. म्हणजे एकाच इमारतीत एक इतिहासाचे पुरावे तपासतो आहे, एक कादंबऱ्या लिहितो आहे आणि एक उमर खय्याम शिकवतो आहे. संस्थानाच्या राजधानीतले हे वैभव तालमीच्या आणि चित्रपटाच्या गप्पांत आपण विसरून जातो, याची खंत वाटते.

माधवरावांचे फारसी नुसते परीक्षेपुरते नव्हते. १९२५ मध्येच त्यांचा फार्शी-मराठी कोश भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला होता. खय्यामच्या बाबतीत त्यांनी जे केले ते तर आजही थक्क करते. एडवर्ड फिट्झजेरल्डने १८५९ मध्ये खय्यामला इंग्रजीत आणले आणि जगभर त्याची धूम झाली. पण ते भाषांतर खूप मोकळे, मूळच्या रुबाया विरघळवून नव्याने ओतलेले. माधवरावांनी १९२९ मध्ये थेट फारसीतून रुबाया मराठीत आणल्या आणि १९३१ मध्ये ‘द्राक्षकन्या’ या नावाने फिट्झजेरल्डचे इंग्रजी काव्यही वेगळे भाषांतरित केले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की निशापूरचा ज्योतिषी किती आणि इंग्रज कवी किती, हे मराठी वाचकाला स्वतःच्या भाषेत ताडून बघता येते. वाचकाला इतका मान देणारे भाषांतरकार थोडे.

१९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ आली. गझलेला ते गज्जल म्हणत. ही चाल मराठीला अगदीच अनोळखी नव्हती. मोरोपंतांनी ती वापरली होती, संगीत नाटकांतल्या पदांतूनही ती कानावर पडत होती. पण फारसीतली वृत्ते एकेक करून तपासणे, मराठीच्या ऱ्हस्वदीर्घात ती कशी बसतात हे बघणे आणि त्यात भरघोस कविता लिहून दाखवणे, हे काम त्यांनी केले. पुढे सुरेश भटांनी गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असला पाहिजे, असा आग्रह धरला. त्या कसोटीवर माधवरावांच्या बऱ्याच गज्जला गझल न ठरता गझलेच्या वृत्तातली गीते ठरतात. हा आक्षेप खरा आहे. त्यांच्या प्रेमकवितेतला पुष्कळ भाग आज जुनाट वाटतो, हेही खरे. तरीही सांगली जिल्ह्यातल्या दुधगावच्या इलाही जमादारांपर्यंत जी मराठी गझल वाढली, तिची पहिली जमीन नांगरली ती या माणसाने.

पण सर्वांत टिकाऊ काम वेगळेच आहे. ‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ मध्ये आला आणि कोल्हापुरात असताना त्यांनी तो वाढवून, बहुतांशी नव्याने बांधून १९३७ मध्ये पुन्हा काढला. ओवी-अभंगापासून लावणी-पदांपर्यंत आणि संस्कृत वृत्तांपासून फारसी वृत्तांपर्यंत मराठी पद्याची त्यांनी मोजदाद केली. १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना डी.लिट. दिली. मराठीसाठी त्या विद्यापीठाने दिलेली ती पहिली डी.लिट.

या मोजदादीतली एक गोष्ट जवळून बघावी अशी आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ठरावीक मात्रांचा गट पुन्हा पुन्हा फिरला की आवर्तन होते. माधवरावांनी या आवर्तनांना नावे दिली. आठ मात्रांचे पद्मावर्तन, कारण कमळाच्या आठ पाकळ्या. सहांचे भृंगावर्तन, कारण भुंग्याचे सहा पाय. सातांचे अग्न्यावर्तन, अग्नीच्या सात जिभा. पाचांचे हरावर्तन, शंकराची पाच मुखे. कोल्हापूरकराला हे बोटांवर मोजता येईल. अंबाबाई, चार दीर्घ, आठ मात्रा. कोल्हापूर, सात. रंकाळा, सहा. जोतिबा, पाच. आणि ढोलकीवाल्याने ऐकले तर तो म्हणेल, हे तर आमचेच: केरव्याच्या आठ, रूपकाच्या सात, दादऱ्याच्या सहा, झपतालाच्या पाच-पाच. शाहिराच्या बोटांत जे होते ते त्यांनी विद्यापीठाच्या दारात नेऊन उभे केले.

आता त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग. फारसीचा हा कोशकार, जो सुरुवातीच्या कवितांत फारसी शब्द मुक्तपणे पेरत असे, तोच पुढे भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी ही चळवळ उभी केली होती. मागे दाखला शिवकाळाचा होता: राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ महाराजांनी करवून घेतला होता. माधवराव १९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९३८ मध्ये त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक आले. अनेकांना हा विश्वासघात वाटला. ज्या दाराने गज्जल आत आणली, ते दार हा माणूस बंद कसे करतो?

त्यांना ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल. शब्द कुठून आला, कशाला आला आणि त्याने कुणाची जागा घेतली, हे ज्याला फारसी येते त्यालाच नेमके कळते. त्यांच्यापुढचा प्रश्न मुळात राजकीय होता: राज्य गेले, दरबार गेले, मग दरबाराची भाषा ठेवायची का? गुलामीच्या काळात हा प्रश्न मनाला चटका लावणारा असणार. चूक झाली ती दुसरीकडे. नगारखाना आणि हौद हे तोवर कुठल्याच दरबाराचे उरले नव्हते. ते पेठेचे झाले होते, आणि पेठ कोशकाराला विचारून बोलत नाही.

कोल्हापूरने दोन्ही ठेवले. भाषाशुद्धीतून आलेला महापौर हा शब्द शहराने आपलासा केला. इथे महापौर चषकासाठी फुटबॉलचे सामने होतात आणि त्यात उतरणाऱ्या संघाचे नाव असते दिलबहार तालीम मंडळ. गॅलरीतून ओरडणाऱ्या पोरांना त्यात काही विसंगत वाटत नाही.

२९ नोव्हेंबर १९३९ रोजी माधवराव पुण्यात वारले. वय पंचेचाळीस. आईवरची त्यांची एक कविता लता मंगेशकरांच्या आवाजात पुढे घरोघर पोचली आणि पुष्कळांना त्यांचे तेवढेच माहीत असते.

कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानचे मोडी दप्तर आहे. मोडी नुकतीच शिकलेला माणूस जुन्या कागदाशी बसतो, अक्षरे लागतात, आणि तारखेपाशी अडतो: सलास समानीन मया व अलफ. अक्षरे वाचली, अर्थ नाही. मग माधवरावांच्या कोशात बघायचे. सलास तीन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. अकराशे त्र्याऐंशी, सुहूर सन. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवले की १७८२ येतात. खाली सनद, महजर, कौल, मोकदम असे शब्द येत राहतात, आणि कोशाची पाने उलटत राहतात.