गाठ एकसारखी, विषाणू वेगळे : कोंबडीच्या कर्करोगनिदानाचा इतिहास

मेलेली कोंबडी शवविच्छेदनाच्या टेबलावर येते. यकृत फुगलेले असते आणि त्यावर करड्या-पांढऱ्या गाठी असतात. ही गाठ कोणत्या विषाणूची, हा पशुवैद्यकातील शंभर वर्षांहून जुना प्रश्न आहे. बंगळुरूच्या हेब्बाळ भागातील पशुआरोग्य व पशुजैविक संस्था आज दक्षिणेची प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळा आहे. १९२५ साली म्हैसूर संस्थानात ती सुरू झाली, तेव्हा मुख्य शत्रू होता गुरांचा बुळकांड्या. त्याआधी १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली होती. चार वर्षांनी ती मुक्तेश्वरला हलली. त्या काळी आपल्याकडे कोंबडी हा परसातला पक्षी होता आणि पशुवैद्यकाचे लक्ष गुराढोरांकडे होते.

युरोपात मात्र सूत्रे जुळत होती. १९०७ साली बुडापेस्टच्या योझेफ मारेक यांनी पाय व पंख लुळे पडलेल्या चार कोंबड्यांचे वर्णन केले. १९०८ मध्ये कोपनहेगनच्या एलरमन व बँग यांनी कोंबडीचा रक्तकर्करोग पेशीविरहित गाळातूनही संक्रमित होतो, हे दाखवले. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या पेटन राउस यांनी हेच मांसार्बुदाबाबत सिद्ध केले. त्यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली.

तरीही अर्धशतक हे सारे आजार एकाच 'ल्युकोसिस' नावाखाली नांदले. १९६० च्या सुमारास ब्रिटनच्या पीटर बिग्ज यांनी मारेकचा रोग वेगळा मानावा, असे सुचवले. १९६७ मध्ये चर्चिल व बिग्ज यांनी त्यामागचा नागीण-कुळातील विषाणू शोधला. लिम्फॉइड ल्युकोसिसचा विषाणू मात्र रेट्रोव्हायरस निघाला.

हा भेद केवळ नावाचा नव्हता. मारेकचा विषाणू पिसांच्या मुळांतून गळणाऱ्या कोंड्यावाटे, धुळीतून पसरतो. म्हणून पिल्लाला पहिल्याच दिवशी, किंवा अंड्यात असतानाच, लस टोचतात. ल्युकोसिसचा विषाणू मुख्यतः आईकडून अंड्यातून पिल्लात उतरतो. त्यावर व्यवहारात लस नाही. पैदाशीच्या कळपातून बाधित माद्या वेचून काढणे हाच मार्ग. निदान चुकले, तर शेतकरी निर्दोष लसीला दोष देत बसतो आणि रोग अंड्यांबरोबर पुढच्या पिढीत जातो.

जुन्या पशुवैद्याकडे तीन खुणा होत्या : वय, मज्जातंतू आणि बर्सा. मारेकचा रोग काही आठवड्यांच्या पक्ष्यातही दिसतो व मांडीतील मज्जातंतू जाड करतो. लिम्फॉइड ल्युकोसिस साधारण सोळा आठवड्यांनंतर येतो, मज्जातंतूंना सहसा हात लावत नाही. त्याच्या गाठींचा उगम गुदद्वाराजवळच्या 'बर्सा' या पिशवीत होतो. पण रेटिक्युलोएंडोथेलिओसिस हा तिसरा विषाणू दोघांचीही नक्कल करतो. टर्की, बदक, तितर-कुळातील पाळीव व पिंजऱ्यातील पक्ष्यांनाही तो गाठतो.

मग मदतीला प्रयोगशाळा आली. १९६० मध्ये हॅरी रुबिन यांनी पेशीसंवर्धनात ल्युकोसिसचा विषाणू ओळखण्याची चाचणी दिली. आज अंड्याच्या पांढऱ्या भागातील पी-२७ हे प्रथिन एलायझाने मोजतात आणि पिसांच्या टोकांतील मारेक विषाणूचा डीएनए पीसीआरने.

इथेच खरा पेच आहे. मारेकची लस गाठ रोखते, संसर्ग रोखत नाही. त्यामुळे निरोगी कळपातही विषाणू सापडतो. ल्युकोसिसच्या विषाणूचे काही अवशेष तर कोंबडीच्या स्वतःच्या जनुकसंचात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत आणि तेही कधी पी-२७ बनवतात. म्हणजे 'विषाणू सापडला' आणि 'गाठ त्याने केली' ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे सिद्ध करायचे, तर विषाणूचे प्रमाण किती, गाठीच्या पेशी कोणत्या जातीच्या, त्या पेशींत मारेकचे 'मेक' हे कर्करोगकारी प्रथिन आहे का, हे एकत्र पाहावे लागते.

म्हणून पीसीआरच्या युगातही सुरी आणि सूक्ष्मदर्शक अडगळीत गेलेले नाहीत. नमुना हेब्बाळला जावो की पुण्याला, त्यासोबत पक्ष्याचे वय, लसीकरणाची नोंद आणि मज्जातंतूचा तुकडा गेला नाही, तर महागडे यंत्रही अर्धेच उत्तर देते.