पात्यावरचं नाव

बकरी ईदच्या आधी आमच्या घरातल्या सुऱ्या धारेला जातात. त्यात एक आजोबांची आहे. मुठीजवळ पात्यावर त्यांचं नाव उर्दू लिपीत कोरलेलं, घासून घासून अर्धं उरलेलं. यंदा धारवाल्या चाचांनी ती उजेडात धरली आणि विचारलं, "नाव कुणाचं ते कळलं. पण घातलं कुणी?" मला सांगता आलं नाही.

तोच प्रश्न साताऱ्याला लावून बघा. राजघराण्यात भवानी म्हणून जपलेल्या तलवारीवर 'राजा शाहू' आणि 'कदीम अव्वल' अशी अक्षरं आहेत. कदीम म्हणजे जुनं, अव्वल म्हणजे पहिलं. दोन्ही शब्द मुळात अरबी. कोल्हापूरच्या गादीकडून 1875-76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेल्या तलवारीचं पातं तर युरोपी आहे. त्यावर 'आयएचएस' असा येशूच्या नावाचा ठसा आहे. खरी भवानी कोणती, या वादात मला पडायचं नाही. मराठ्यांना परदेशी पातं आवडे, म्हणून तर फिरंग हा शब्द आपल्याकडे रुळला. त्या युरोपी ठशांची हुबेहूब नक्कल करणारे कारागीरही इथे होते.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पाणी दिलेल्या पोलादावर छिन्नी घसरते. म्हणून एक रीत तेजाबाची. पातं राखेनं घासून तेलाचा अंश काढायचा, वर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईनं त्यात अक्षर ओढायचं, थेट पोलाद दिसेपर्यंत. मग तेजाब. ते उघड्या रेषेतलं लोखंड खातं, मेणाखालचं तसंच राहतं. मेण नीट चिकटलं नसेल तर तेजाब खालून शिरतं आणि अक्षर फुगतं. वेळ झाली की धुऊन सोड्यानं मारायचं, नाहीतर ते आतून खातच राहतं. हिराकसाचा उपयोग वेगळा. जौहरदार पोलादावर त्याचं पाणी फिरवलं की धातूतच दडलेली लाटांची नक्षी वर येते. ती कुणी काढलेली नसते, फक्त जागी केलेली असते.

सोन्याचं नाव हवं असेल तर कोफ्तगरी. पात्यावर बारीक आडव्या-उभ्या चरा पाडून जागा खरबरीत करायची, सोन्याची तार तिच्यावर ठोकून बसवायची आणि अकीकाच्या दगडानं घोटायची. कोफ्त म्हणजे फारसीत ठेचलेलं, कुटलेलं. आमच्या स्वयंपाकघरातला कोफ्ता याच घरातला.

आणि या सगळ्याच्या आधी पातं आरशासारखं करणारा, धार देणारा तो शिकलगार. अरबी 'सैकल' म्हणजे झिलई, त्यावरून सैकलगर, त्याचा आपल्या तोंडी शिकलगार. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हे आडनाव घेऊन जगणारी मुसलमान घरं भरपूर आहेत. छत्रपतींच्या शस्त्रांवर भाषणं होतात, तेव्हा या आडनावाची आठवण क्वचितच निघते. 2024 च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून वाघनखं आली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. ती कुणी वापरली, यावर खूप बोललं गेलं. ती घडवली कुणी, हे विचारणारं माझ्या तरी कानावर आलं नाही.

1848 मध्ये साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. तलवारीचं गिऱ्हाईकच संपत चाललं. अशा वेळी ठोकणारे, तासणारे, घोटणारे हात कुठे गेले? त्यातले काही मिरजेत सापडतात. पटवर्धनांच्या त्या गावात फरीदसाहेब शिकलगार हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंतुवाद्यं करायला लागले. घराणं हत्यारांचं. तुटलेली वाद्यं दुरुस्त करता करता स्वतःच घडवू लागले. पुढे आडनावही बदललं, सितारमेकर झालं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मागे मिरजेच्या सितारमेकर गल्लीत एक तंबोरा बघितला. भोपळ्याच्या कडेला वेलबुट्टी, बारीक रेषेत कोरून काळा रंग भरलेली. हात अगदी पात्यावर चालावा तसा चाललेला. तंबोऱ्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं.