याहूच्या दारात, सन १९९९

मोबाइल घरीच ठेवा. सोबत एक फ्लॉपी, एक वही आणि पुरेसे सुटे पैसे घ्या, कारण सायबर कॅफेत घड्याळ तुमच्या विरोधात चालतं. साल १९९९, महिना जून. यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे गणपती थेट १३ सप्टेंबरला. पेणच्या कारखान्यात मात्र ही सवड कुणाला जाणवत नाही. शाडूच्या मूर्तींवर हात फिरताहेत, आखणीवाले श्वास रोखून डोळे रेखताहेत आणि बोटीने परदेशी जाणाऱ्या मूर्ती कधीच पेट्यांत बंद होऊन निघाल्या आहेत. तुम्ही या कारखान्याच्या मालकांचे पुतणे, घरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेले एकटेच. काकांनी तुमच्यावर एकच काम सोपवलंय.

"अमेरिकेतल्या माणसाला आपला कारखाना सापडला पाहिजे. पुढच्या वर्षीची ऑर्डर त्याने दलालाला न विचारता थेट आपल्याला द्यायला हवी. करशील ना?"

साइट तर तुम्ही केलीच आहे. मूर्तींचे फोटो स्कॅन केलेत, दरपत्रक टाकलंय. डोमेनचे दोन वर्षांचे ७० डॉलर न्यू जर्सीच्या मावसभावाने भरले, कारण काकांच्या क्रेडिट कार्डावर 'फक्त भारत व नेपाळमध्ये वैध' असं छापलेलं आहे. पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारा काउंटरही आहे. महिनाभरात तो थोडा हलला. त्यातल्या बहुतेक भेटी तुमच्याच.

म्हणून तुम्ही दादरच्या एका कॅफेत येऊन बसलाय. कोपऱ्यातला मोडेम कोकलून शांत झाला की कामाला लागा.

साइट शोधणाऱ्याला सापडावी म्हणून तीन दारं ठोठवायची आहेत. पहिलं दार यंत्राचं आहे. ॲल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनच्या पानाच्या तळाशी 'ॲड यूआरएल' असा बारीक दुवा आहे. तिथे फक्त पत्ता द्यायचा. नाव-गाव, वर्णन काही नको. मग त्यांचा 'स्कूटर' नावाचा प्रोग्रॅम सवडीने तुमच्या साइटवर येतो, पानं वाचतो आणि त्यांतले शब्द आपल्या सूचीत घालतो. प्रत्येक सर्च इंजिनचा असा एक दूत आहे. इंकटोमीचा 'स्लर्प', गूगलचा 'गूगलबॉट'. गूगल म्हणजे गेल्या वर्षी मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजातून सुरू झालेली नवी कंपनी. कॅफेच्या मालकाने तिचं नावही ऐकलेलं नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण बोलू नका, कुणी विश्वास ठेवणार नाही.

यंत्राला बाप्पाचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं, इथेच घोळ. गणपती, गणपति, गणेश, गणेशा. प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, शिवाय 'एन'नंतर 'ए' घालणारे आणि न घालणारे असे दोन पंथ. अमेरिकेतला मराठी माणूस कोणतं टाइप करेल? तुम्ही सगळीच स्पेलिंगं कीवर्डच्या टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडातल्या फक्त यंत्राने वाचायच्या जागेत, कोंबता. १९९९ मध्ये ही लबाडी मानत नाहीत, सगळेच करतात. खरी लबाडी म्हणजे पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहिणं. तीही बरेच जण करतात. पत्ते भरायलाही लोकांनी यंत्रं लावली होती. त्यांना अडवायला ॲल्टाव्हिस्टाच्या मंडळींनी १९९७ च्या सुमारास एक तोड काढली: पडद्यावर वाकडीतिकडी अक्षरं दाखवायची, ती ओळखून लिहील तो माणूस. पुढे हेच कोडं तुम्हाला बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत छळणार आहे.

चार दिवसांनी पुन्हा या. ॲल्टाव्हिस्टात तुमची साइट शोधा. सापडली! पण खालच्या दोन ओळी वाचा. पहिलं पान तुम्ही हौसेने मराठीत केलं होतं, 'शिवाजी' फॉन्ट वापरून. त्या फॉन्टात पडद्यावर 'ग' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर. फॉन्ट असलेल्या संगणकावर मराठी दिसतं, नसलेल्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा चिवडा. स्कूटरकडे फॉन्ट नाही आणि डोळेही नाहीत. त्याने तो चिवडा जसाच्या तसा उचलून सूचीत घातलाय. काकांचं नाव, आजोबांनी कारखाना काढल्याची हकिकत, शाडू कुठून येतो त्याची माहिती, सगळं जगासमोर ठेवलंय आणि कुणालाही सापडणार नाही.

वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. पण या कॅफेतलं विंडोज ९८ ती अक्षरं नीट जुळवून दाखवू शकत नाही. त्यासाठी विंडोज २००० यावं लागेल. तेव्हा मुकाट्याने इंग्रजी पान पुढे करा. पहिल्या पिढीतल्या मराठी साइटवाल्यांनी नाइलाजाने हेच केलं, आणि आपल्या भाषेचा इंटरनेटवरचा पहिल्या दशकभरातला मजकूर शोधयंत्रांना बहुतांशी दिसलाच नाही.

आता दुसरं दार, माणसाचं. ते याहूचं. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये आवडत्या साइटची यादी करायला घेतली, तिची ही कंपनी झाली. १९९९ मध्ये जग काही शोधायचं तर आधी इथे येतं. इथे साइट यंत्र घेत नाही. पगारी माणसं एकेक साइट उघडून पाहतात आणि तिला योग्य खणात ठेवतात. पदनाम 'सर्फर'. खणांची रचना ज्यांच्या देखरेखीखाली झाली त्या श्रीनिजा श्रीनिवासन कंपनीच्या अगदी पहिल्या चमूतल्या, आणि त्यांचं पद होतं 'ऑन्टॉलॉजिकल याहू', म्हणजे वस्तूंच्या अस्तित्वाची वर्गवारी करणारी.

वर्गवारी सोपी वाटते ना? मग सांगा, पेणचा गणपती कुठे बसवायचा? मुख्य खण १४. 'समाज आणि संस्कृती'त हिंदू धर्म आहे. 'कला'मध्ये शिल्पकला. 'प्रादेशिक'मध्ये भारत, त्यात महाराष्ट्र. तुमचं मन धर्माकडे ओढतं. पण नियम स्पष्ट आहे: जो माल विकतो तो 'उद्योग आणि अर्थव्यवस्था'त. जिथे साइट बसावीशी वाटते त्याच खणात जाऊन तळाच्या 'सजेस्ट अ साइट'वर टिचकी मारायची. चुकीच्या खणातून अर्ज केला तर तो फिरत राहतो किंवा विरतो. वर्णन जास्तीत जास्त पंचवीसेक शब्दांत, आणि त्यात 'जगप्रसिद्ध', 'सर्वोत्तम' वगैरे आढळलं की सर्फर ते खोडतो. आपल्या जाहिरातवाल्यांना आजही हा नियम लावायला हरकत नाही.

यादी इंग्रजी वर्णानुक्रमाने लागते. म्हणून अमेरिकेत दुकानांची नावं 'ए ए ए' किंवा आकड्यांनी सुरू होऊ लागली आहेत. आपल्याकडे निम्मा बाजार 'श्री'ने सुरू होतो, म्हणजे 'एस', म्हणजे तळाशी. नाव बदलून अर्ज करण्याचा मोह आवरा. साइटवर जे अधिकृत नाव आहे तेच चालतं.

अर्ज गेला. आता काय? काही नाही. पोच येते, उत्तर येत नाही. घाई असेल तर याहूने याच वर्षी 'बिझनेस एक्स्प्रेस' काढलंय: १९९ डॉलर भरा, कामाचे सात दिवस उलटायच्या आत साइट पाहिली जाईल. पाहिली जाईल, घेतली जाईल असं नाही. नाकारली तरी पैसे गेले. १९९९ च्या भावाने साडेआठ हजार रुपये. काकांना सांगून बघा.

"म्हणजे दर्शनाच्या पासाचे पैसे घ्यायचे, आणि देवळाचं दार उघडेलच असं नाही म्हणायचं?"

पैसे भरू नका. तोवर मुंबईतल्याच 'खोज'वर नाव घाला. राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डची ही भारतीय साइटची सूची. याच वर्षी नोव्हेंबरात सत्यम इन्फोवे अख्खं इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना विकत घेतल्याचं जाहीर करेल आणि याद्या करणाऱ्यांकडे लोक नव्या नजरेने बघू लागतील.

मग तिसरं दार; माझ्या मते सगळ्यांत रंजक. रिच स्क्रेंटा नावाच्या गृहस्थांना याहूची यादी शिळी वाटली. हेच ते, ज्यांनी शाळकरी वयात ॲपलच्या संगणकांसाठी 'एल्क क्लोनर' हा जगातल्या अगदी सुरुवातीच्या व्हायरसांपैकी एक लिहिला होता. बॉब ट्रूएल यांच्यासोबत त्यांनी जून १९९८ मध्ये नवी सूची काढली. पगारी सर्फर नाहीत, हौशी स्वयंसेवक. त्याच वर्षी नेटस्केपने ती घेतली आणि नाव पडलं 'ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट', लोकांच्या तोंडी 'डीमॉझ'. अर्ज फुकट. अट एकच: 'काम चालू आहे'ची पाटी लावलेली अर्धवट साइट नको.

तुम्ही अर्ज करता. आठवडे जातात. मग चिडून तुम्ही वेगळाच अर्ज करता, संपादक व्हायचा. एक छोटा खण मागायचा, त्यात बसतील अशा दोन-तीन चांगल्या साइट वर्णनासह सुचवायच्या आणि त्या क्षेत्रातले आपले हितसंबंध उघड सांगायचे. तुम्ही कारखान्याचं प्रामाणिकपणे लिहिता. आणि एके दिवशी होकार येतो.

आता खुर्ची बदलली. पडद्यावर न पाहिलेल्या अर्जांची रांग आहे. उघडा एकेक. पहिली साइट बंद. दुसरी ट्रॅव्हल एजन्सी, खण चुकला. पुढच्या तीन वेगवेगळ्या नावांच्या, पण आत तेच पान. एकाने वर्णनात 'स्वस्त' हा शब्द चारदा लिहिलाय. एकाने तीच साइट रोज पाठवली आहे. तासाभराचे पैसे संपतात तेव्हा तुम्ही फक्त दोन साइट घेतलेल्या असतात, आणि उत्तर एकालाही पाठवलेलं नसतं. स्वतःची साइटही याच रांगेत आहे. बोट माउसवर आहे. नियमाने स्वतःची साइट घ्यायला बंदी नाही, मात्र तिला इतरांपेक्षा झुकतं माप दिलं की हकालपट्टी. तुम्ही ती वरच्या संपादकाकडे ढकलता. सगळेच असं करत नाहीत. आपली साइट घालून स्पर्धकाची अडवून ठेवणारे संपादकही या सूचीत होते, आणि तशी कुरकुर अखेरपर्यंत चालली.

डिसेंबरात नाव लागतं. गंमत पुढे आहे. या सूचीचा सगळा मजकूर कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यामुळे एका खणातली तुमची ओळ शेकडो साइटवर उमटते, आणि २००० मध्ये गूगल स्वतःची डिरेक्टरी काढतं तीही हीच सूची वापरून. गूगलबॉट दुव्यावरून दुव्यावर जातो. आता त्याला तुमच्यापर्यंत यायला वाट आहे.

पुढची वर्षं भराभर उलटा. जून २००० मध्ये याहू आपल्या शोधासाठी गूगलला निवडतं. २००५ मध्ये साइटमॅप येतो, साइटवाला स्वतःच आपल्या पानांची यादी गूगलला देऊ लागतो. कीवर्डच्या टॅगला आपण क्रमासाठी विचारात घेत नाही, हे गूगल २००९ मध्ये जाहीरपणे सांगतं. डिसेंबर २०१४ मध्ये याहूची डिरेक्टरी बंद होते. १७ मार्च २०१७ रोजी डीमॉझही. तेव्हा तिच्यात ३८ लाखांहून अधिक साइट होत्या.

ती माणसांची दारं चांगली होती, असं मी म्हणणार नाही. ती संथ, मनमानी आणि पुढे पैसेखाऊ झाली. पण दारातल्या माणसाचा नियम वाचता येत होता. यंत्राचा क्रम कसा लागतो हे आज कुणी नेमकं सांगत नाही.

आता परत या आणि एक काम करा. तुमच्या संस्थेची, मंडळाची, अंकाची जुनी साइट असेल, किंवा जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टात केलेल्या पीडीएफ साइटवर चढवलेल्या असतील, तर त्यातलं एक वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा. चिवडा दिसला, तर तो मजकूर आजही शब्दाने शोधता येत नाही. फॉन्ट बदलून देणारी साधनं उपलब्ध आहेत. मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पुन्हा चढवा.